ग्रीस न पाहिलेले ग्रीसवेडे: म्युनिक ते अथेन्स

चाफेकळी

म्युनिकच्या कोनिग्सप्लात्झ चौकात नवा माणूस आला की हमखास विचारतो, "हे इथे कुठून आलं?" हिरवळीच्या एका अंगाला आयोनिक खांबांचं ग्लिप्टोथेक हे शिल्पसंग्रहालय, समोर कोरिंथियन खांबांचं दुसरं संग्रहालय आणि दोन्हींच्या मध्ये रस्ता अडवून बसलेलं डोरिक धाटणीचं प्रोपिलेअन, म्हणजे भव्य प्रवेशद्वार. (आयोनिक, कोरिंथियन, डोरिक या ग्रीक खांबांच्या शैली.) आल्प्सच्या अलीकडे, बिअर आणि बटाट्याच्या मुलुखात, देवळंच देवळं. इथे राहायला आल्यापासून या प्रकरणावर जमेल तसं वाचतेय. नोंदी बऱ्याच साचल्यात, त्या इथे टाकते. जाणकारांनी भर घालावी.

या वेडाचा मूळपुरुष योहान योआखिम विंकेलमान. श्टेंडाल गावच्या चांभाराचा मुलगा, जन्म १७१७. गरिबीत शिकला, शाळामास्तरकी केली, मग ड्रेस्डेनजवळ एका सरदाराच्या ग्रंथालयात लागला. १७५५ मध्ये त्याने ग्रीक कलेच्या अनुकरणावर एक छोटं पुस्तक काढलं आणि जर्मन भाषकांच्या दुनियेत खळबळ उडाली. म्हणणं असं, की थोर व्हायचं तर प्राचीनांच्या मागून जाण्यावाचून गत्यंतर नाही. ग्रीक शिल्पाचं लक्षण त्याने सांगितलं ते 'उदात्त साधेपणा आणि शांत भव्यता'. पुढे तो रोमला गेला, पोपच्या राज्यात पुराणवस्तूंचा मुख्य अधिकारी झाला आणि १७६४ मध्ये प्राचीन कलेचा इतिहास लिहिला. कलेला बालपण, भर आणि उतार असतो ही मांडणी तिथून रुळली.

गंमत अशी की हा माणूस ग्रीसला कधी गेलाच नाही. संधी आल्या होत्या, पण १७६८ मध्ये व्हिएन्नाहून परतताना त्रिएस्तेच्या खानावळीत शेजारच्या खोलीतल्या माणसाने त्याचा खून केला. त्याने जे 'ग्रीक' पुतळे डोळे भरून पाहिले, त्यातले बरेचसे रोमनांनी केलेल्या नकला होत्या.

पुढच्या जर्मन कवी-लेखकांचं तेच. गटेने 'इफिगेनी' लिहिलं, इटली पालथी घातली, ग्रीसला गेला नाही. शिलरने ग्रीक देवांसाठी कवितेत गळा काढला, गेला नाही. होल्डरलिनने तर अख्खी कादंबरी ग्रीसमध्ये घडवली, आणि तोही नाहीच. फ्रेंचांकडे पॅरिस होतं, राजा होता, एक दरबारी अभिरुची होती. जर्मन भाषकांकडे शेकडो संस्थानं, राजधानी एकही नाही. तुकड्यातुकड्यांत राहून संस्कृतीने एक असलेले ग्रीक त्यांना आपल्यासारखे वाटले यात नवल नाही. शिवाय फ्रेंच दरबाराला रोम प्रिय, तेव्हा आपण थेट रोमच्याही आधीचं घर गाठू, हाही हिशेब असणार.

आता या वेडाला सत्ता मिळाली की काय होतं ते बघा. म्युनिक ज्याची राजधानी त्या बव्हेरियाचा राजा लुडविग पहिला हा युवराज असल्यापासून ग्रीसवेडा. १८१६ मध्ये त्याने लेओ फॉन क्लेन्झे या वास्तुविशारदाकडून ग्लिप्टोथेक बांधायला घेतलं. गादीवर आल्यावर रेगेन्सबुर्गजवळ डॅन्यूबच्या काठी 'वालहाला' उभारलं: बाहेरून अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरासारखं, आत जर्मन थोरामोठ्यांचे अर्धपुतळे. आपल्या राज्याच्या नावाच्या जर्मन स्पेलिंगमध्ये १८२५ साली त्याने ग्रीकांकडून आलेलं अक्षर घातलं, ते आजही आहे. १८२१ मध्ये ग्रीकांनी ऑटोमन सत्तेविरुद्ध उठाव केला तेव्हा त्याने पैसे दिले, लष्करी अधिकारी पाठवले. आणि १८३२ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि रशियाने नव्या ग्रीसच्या गादीसाठी त्याच्या दुसऱ्या मुलाला, ऑटोला निवडलं.

६ फेब्रुवारी १८३३ रोजी १७ वर्षांचा ऑटो ब्रिटिश जहाजातून तेव्हाच्या राजधानीला, नाफ्प्लिओला उतरला. सोबत साडेतीन हजारांच्या आसपास बव्हेरियन सैनिक आणि तो सज्ञान होईपर्यंत राज्य चालवायला तीन बव्हेरियन कारभारी. पेटर फॉन हेस हा चित्रकारही सोबत होता, त्याने हा सोहळा भल्यामोठ्या कॅनव्हासवर रंगवला.

माझं म्हणणं थोडक्यात असं: जर्मनांचं प्रेम ज्या ग्रीसवर होतं तो दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी संपला होता. जिवंत ग्रीक समोर आला, पागोटं घातलेला, मिशीवाला, चर्चला जाणारा, कर चुकवणारा, तेव्हा त्यांना कळेना याचं काय करायचं. पुढच्या दोनशे वर्षांतले सगळे गोडवे आणि सगळी भांडणं मला याच एका धाग्यात ओवलेली दिसतात. पटतंय का?

अर्धा_कप

वाखु (वाचनखूण) साठवली. बारावी सुटायच्या वयात देश चालवायला दिला म्हणजे बाप हौशी खराच. एक प्रश्न: अथेन्सला 'फिक्स' नावाची बिअर प्यायलो होतो, ती याच मंडळींची का?

चाफेकळी

@अर्धा_कप, हो. बव्हेरियन वसाहतवाल्यांपैकीच एक कुटुंब. योहान कार्ल फिक्सने १८६४ मध्ये अथेन्सला ब्रूअरी काढली. आणि पात्रा शहराची मावरोदाफ्नी वाइन चाखली असलीत तर तीही गुस्टाफ क्लाउस या बव्हेरियन माणसाची, कारखाना १८६१ चा. राजा गेला, बाटल्या राहिल्या.

खडूफळा

ताई, लेख छान. कारभाऱ्यांच्या काळावर थोडी भर घालतो, कारण खरी ठिणगी तिथेच पडली.

तिघे म्हणजे आर्मान्सपेर्ग, माउरर आणि हायडेक. पैकी माउरर हा कायदेपंडित, मोठा कामसू. त्याने दीड वर्षात फौजदारी कायदा, न्यायालयं, शाळा अशी घडीच बसवून दिली. ग्रीक चर्चला कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपीठापासून वेगळं केलं आणि सहापेक्षा कमी साधू असलेले मठ बंद करून टाकले, असे चारशेच्या वर. कागदावर सगळं चोख. पण ज्या लोकांनी दहा वर्षं लढून स्वातंत्र्य मिळवलं त्यांना एकाही निर्णयात विचारलं नाही. लोक या राजवटीला 'बव्हेरियनशाही' म्हणू लागले.

कळस म्हणजे थिओडोरोस कोलोकोत्रोनिसचा खटला. हा स्वातंत्र्ययुद्धातला सर्वांत मोठा सेनानी. १८३४ मध्ये त्याच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवून देहदंड सुनावला. पाच न्यायाधीशांपैकी पोलिझोइदिस आणि तेर्त्सेतिस या दोघांनी निकालपत्रावर सही करायला नकार दिला, तेव्हा शिपायांकरवी त्यांना ओढून न्यायासनावर बसवलं, तरी सही केली नाही. शेवटी शिक्षा कमी झाली आणि ऑटोने स्वतः कारभार हाती घेतल्यावर म्हाताऱ्याला माफी दिली. आज ग्रीसमध्ये त्या दोन न्यायाधीशांची नावं आदराने घेतात.

पैशाचं बघा. नव्या राज्याला तीन सत्तांच्या हमीवर सहा कोटी फ्रँकचं कर्ज मिळालं. त्यातला मोठा वाटा ऑटोमनांना भरपाई, बव्हेरियन फौजेचा खर्च आणि जुनी देणी यांतच गेला. १८४३ मध्ये हप्ते थकले, काटकसर लादली गेली आणि ३ सप्टेंबरला फौज राजवाड्यासमोर उभी राहिली. संविधान द्या आणि बव्हेरियनांना नोकरीतून काढा, या मागण्या. ऑटोला दोन्ही मान्य कराव्या लागल्या. त्या चौकाचं नाव आजही 'सिंताग्मा', म्हणजे संविधान चौक.

मिठागर

वास्तुकलेच्या अंगाने मला हा विषय फार आवडतो.

१८३३ मध्ये अथेन्स म्हणजे अक्रोपोलिस या प्राचीन देवळांच्या टेकडीच्या पायथ्याशी युद्धाने उद्ध्वस्त झालेलं छोटं गाव. राजधानी तिथे न्यायची ती केवळ नावासाठी. नव्या शहराचा आराखडा क्लेआन्थिस आणि शाउबर्ट या जोडीने केला. एक ग्रीक, एक जर्मन, दोघेही बर्लिनला शिंकेल या नामांकित वास्तुविशारदाच्या हाताखाली तयार झालेले. रुंद रस्ते, त्रिकोणी मांडणी, अक्रोपोलिसच्या उत्तर उतारावर उत्खननासाठी मोकळी जागा. जमीनमालक खवळले, रस्ते अरुंद करा म्हणाले. मग १८३४ मध्ये क्लेन्झे आला आणि त्याने आराखडा कापून लहान केला. आजच्या अथेन्सच्या वाहतुकीला शिव्या घालताना हे आठवावं.

शिंकेलने तर कमाल केली. त्याने चक्क अक्रोपोलिसवरच ऑटोचा राजवाडा काढला. पार्थेनॉन मधोमध, भोवती दालनं, बागा, कारंजी. कागदावरची रेखाटनं इतकी देखणी की बघत राहावं. तोही अथेन्सला कधी गेला नव्हता, चाफेकळींच्या यादीत एक नाव वाढवा. क्लेन्झेने विरोध केला आणि ते बारगळलं, वाचलो. राजवाडा शेवटी गेर्टनरने खाली मैदानात बांधला, १८३६ ते १८४३. एकदम कोरडी, बराकीसारखी इमारत. आज ती ग्रीसची संसद आहे.

क्लेन्झेचा दुसरा वारसा मात्र वादाचा. १८३४ मध्ये अक्रोपोलिसवर समारंभ करून त्याने जतनाचं काम सुरू केलं, पण जतन म्हणजे फक्त प्राचीन काळाचं. मधल्या काळातली फ्रँक (पश्चिम युरोपीय), ऑटोमन सगळी बांधकामं हळूहळू पाडली गेली. पार्थेनॉनच्या पोटातली मशीद गेली, प्रवेशद्वाराजवळचा मध्ययुगीन मनोरा १८७५ मध्ये गेला. तो पाडायचा खर्च कोणी दिला? ट्रॉय खणून काढणाऱ्या हाइन्रिख श्लीमानने! दुसरी बाजू अशी की लुडविग रॉस, शाउबर्ट आणि डॅनिश हान्सेन यांनी तुर्की बुरुजात चिणलेले दगड सोडवून अथीना नायकीचं छोटं मंदिर परत उभं केलं, तेही याच काळात. आज टेकडी 'शुद्ध' दिसते ती एकोणिसाव्या शतकातल्या निवडीमुळे.

अवांतर: ऑटो नाफ्प्लिओला उतरला त्याच १८३३ मध्ये मुंबईचा टाउन हॉल पूर्ण झाला, डोरिक खांबांचा. हे वेड एकट्या जर्मनांचं नव्हतं, पण इंग्रजांनी ते कचेऱ्यांपुरतं ठेवलं.

वेताळटेकडी

चाफेकळी, माहिती उत्तम, निष्कर्षाशी मात्र असहमत. तुमच्या मांडणीत ग्रीक नुसते सोसणारे दिसतात. तसं नव्हतं.

नव्या ग्रीक राज्याला युरोपात पत हवी होती आणि पत मिळवून देणारी एकच गोष्ट त्यांच्याकडे होती, प्राचीन वारसा. जर्मनांनी तो शिकवला म्हणा, ग्रीकांनी तो हत्यारासारखा वापरला. मुलांची नावं पेरिक्लीस आणि अरिस्टॉटल ठेवायची लाट जर्मनांच्या हुकमाने आली नव्हती. ऑटोला हाकललं १८६२ मध्ये, पण त्यानंतरही अथेन्सचे व्यापारी आपली घरं एर्न्स्ट त्सिलर या सॅक्सन वास्तुविशारदाकडूनच बांधून घेत होते. श्लीमानचा बंगला, आजचं राष्ट्राध्यक्ष भवन, सिरोस बेटावरचं नगरभवन, सगळं त्याचं. तो अथेन्समध्येच मेला.

दुसरं उदाहरण फालमेरायरचं. या जर्मन पंडिताने १८३० मध्ये लिहिलं की आजच्या ग्रीकांच्या अंगात प्राचीन ग्रीकांच्या रक्ताचा थेंबही नाही, सगळे स्लाव्ह आणि अल्बेनियन. ग्रीसमध्ये आगडोंब उसळला. पण त्यातून काय निघालं? कोन्स्तांतिनोस पापारिगोपुलोसने प्राचीन, बायझंटाइन (मधल्या हजार वर्षांचं कॉन्स्टँटिनोपलचं साम्राज्य) आणि आधुनिक असा सलग ग्रीक इतिहास लिहून काढला. आज ग्रीक शाळेत शिकवतात ती चौकट तीच. फालमेरायर नसता तर बायझंटियमला इतक्या तातडीने घरात घेतलं असतं का? मला शंका आहे.

चाफेकळी

@वेताळटेकडी, वापरला हे मान्य. पण वापरायला मिळालेलं हत्यार दुसऱ्याच्या मापाचं होतं, एवढंच माझं म्हणणं. बायझंटियम 'घरात घ्यावं' लागलं, यातच आलं ना सगळं? हजार वर्षांचं स्वतःचं साम्राज्य, पण विंकेलमानच्या आलेखात ते उतारावर पडतं म्हणून त्याची लाज. अथेन्समधली कितीतरी छोटी बायझंटाइन चर्चं रस्त्यांसाठी पाडली गेली.

आता ग्लिप्टोथेकबद्दल लिहायचं राहिलं होतं. तिथलं मुख्य आकर्षण म्हणजे एजिना बेटावरच्या अफाया मंदिराची शिल्पं. १८११ मध्ये इंग्रज आणि जर्मन तरुणांच्या टोळीने ती उकरली आणि ऑटोमन हद्दीबाहेर हलवली. १८१२ मध्ये झाकिंथोस बेटावर लिलाव झाला. शिल्पं सुरक्षिततेसाठी माल्टाला नेलेली, त्यामुळे ब्रिटिश म्युझियमचा माणूस पैसे घेऊन माल्टाला पोचला आणि लुडविगच्या माणसाने इकडे झाकिंथोसला सौदा उरकला! मग रोममध्ये थॉरवाल्डसेन या शिल्पकाराने तुटलेले हात, पाय, डोकी नव्याने घडवून जोडली. १९६० च्या दशकात ती जोडकामं काढून टाकली, कारण आता काळ बदलला होता, 'अस्सल' तुटकं हवं होतं. थॉरवाल्डसेनचे भाग वेगळे ठेवलेत. दीडशे वर्षांत एकाच योद्ध्याचे दोन अवतार.

आणि रंग! विंकेलमानने संगमरवराच्या शुभ्रतेचं कौतुक केलं, त्यामुळे 'ग्रीक म्हणजे पांढरं' हे समीकरण डोक्यात बसलं. रंगाच्या खुणा दिसत नव्हत्या असं नाही. गॉटफ्रीड झेम्पर या वास्तुविशारदाने ग्रीस फिरून येऊन १८३४ मध्येच लिहिलं होतं की ही देवळं आणि शिल्पं रंगवलेली होती. पण कोणाला ऐकायचं नव्हतं. २००३ मध्ये याच ग्लिप्टोथेकमध्ये व्हिन्झेन्झ ब्रिंकमान यांनी रंगीत प्रतिकृतींचं प्रदर्शन भरवलं. एजिनाचा धनुर्धारी लाल, निळ्या, पिवळ्या चौकटींच्या विजारीत. लोक अक्षरशः नाराज झाले, भडक म्हणाले. अडीचशे वर्षं जपलेली अभिरुची एका विजारीने हलवली.

रंगपेटी

आधुनिक ग्रीक चित्रकलेचा उल्लेख आल्याशिवाय हा धागा अपुरा आहे. ग्रीक कलेच्या इतिहासात एका पिढीचं नावच 'म्युनिक शैली' असं आहे.

ऑटोच्या निमित्ताने म्युनिकच्या कला अकादमीची दारं ग्रीक पोरांना उघडली. पहिला थिओडोरोस व्रीझाकिस. वडिलांना युद्धात ऑटोमनांनी फाशी दिलेलं, पोरका मुलगा लुडविगने म्युनिकला चालवलेल्या ग्रीक मुलांच्या शाळेत वाढला. 'मिसोलोंगीहून सुटका' हे त्याचं १८५३ चं चित्र ग्रीक मुलं आजही पाठ्यपुस्तकात बघतात. मग निकिफोरोस लीत्रास, निकोलाओस गीझिस, व्होलानाकिस, याकोविदिस. यातले लीत्रास आणि गीझिस तिनोस बेटाचे. त्या बेटावर संगमरवर घडवणाऱ्यांची परंपरा, तिथलाच शिल्पकार यानुलिस हालेपासही म्युनिकला शिकला. बेटावरच्या कारागिरांची मुलं थेट म्युनिक अकादमीतल्या कार्ल फॉन पिलोटीच्या वर्गात, हा प्रवास मला विलक्षण वाटतो.

गीझिस तर परत गेलाच नाही, म्हणजे राहायला गेला नाही. म्युनिकच्या अकादमीत प्राध्यापक झाला आणि १९०१ मध्ये तिथेच वारला. त्याचं 'गुप्त शाळा' पाहा: मिणमिणत्या उजेडात म्हातारा पाद्री मुलांना शिकवतोय, कोपऱ्यात शस्त्रधारी तरुण. तुर्की अमलात ग्रीक भाषा चोरून शिकवावी लागे, ही प्रत्येक ग्रीकाची श्रद्धा. इतिहासकारांना अशा शाळांचा पुरावा सापडत नाही, पण चित्र इतकं प्रभावी की २०० द्राख्माच्या नोटेवर छापलं गेलं. आणि काढलं कुठे, १८८० च्या दशकात म्युनिकला! अंधारातून येणारा तो तपकिरी उजेड ग्रीसचा नव्हेच, तो म्युनिकच्या स्टुडिओचा.

याच कारणाने पुढच्या पिढीने त्यांच्यावर टीका केली. पॅरिसहून आलेले म्हणू लागले, आपल्या देशात इतकं ऊन आणि यांच्या चित्रांत ते कुठेच नाही. याकोविदिस १९०० मध्ये अथेन्सला परतून राष्ट्रीय कलादालनाचा पहिला प्रमुख झाला, तो मात्र पोरांची चित्रं काढण्यात बादशहा. 'मुलांचा वाद्यवृंद' बघून हसू न आलेला माणूस मला दाखवा.

अर्धा_कप

+१. अवांतर: कार्ल्याच्या लेण्यांत यवन दात्यांचे शिलालेख आहेत, म्हणजे आपलाही या प्रेमप्रकरणात वाटा आहे :)

चाफेकळी

@अर्धा_कप, त्यावर वेगळा धागा काढा, मी येतेच. इथे नको, नाहीतर चारशे प्रतिसाद यवन कोण यावर होतील.

निळा_कंदील

मी श्टुटगार्टला असतो. ऑफिसात दोन ग्रीक सहकारी, दोघांचेही आजोबा १९६० च्या करारानंतर इथे कारखान्यात कामाला आलेले. जर्मनीत आज साडेतीन लाखांच्या आसपास ग्रीक नागरिक आहेत. त्यांच्यासमोर विंकेलमानचं नाव काढलं तर कोऱ्या चेहऱ्याने बघतात. त्यांच्यासाठी जर्मनी म्हणजे आजोबांची पाळी, रविवारचं चर्च आणि घरात न बोलली जाणारी एक गोष्ट.

ती गोष्ट म्हणजे एप्रिल १९४१ ते ऑक्टोबर १९४४. नाझींनाही ग्रीसचं वेड होतं, हे सोयीने विसरलं जातं. ऑलिम्पियाहून मशाल आणायची प्रथा १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकची, आणि ऑलिम्पियाचं थांबलेलं उत्खननही हिटलरच्या आदेशाने पुन्हा सुरू झालं. ज्या कोनिग्सप्लात्झचं वर्णन वर आहे, तिथेच १९३३ मध्ये पुस्तकं जाळली आणि पुढे गवत उखडून ग्रॅनाइटच्या फरश्या घातल्या, संचलनासाठी. मग तेच अथेन्सला पोचले आणि अक्रोपोलिसवर स्वस्तिकाचा झेंडा लावला. ३० मे १९४१ च्या रात्री ग्लेझोस आणि सान्तास या दोन पोरांनी तो उतरवला. त्या हिवाळ्यात अथेन्समध्ये माणसं उपासमारीने रस्त्यावर मेली. थेस्सालोनिकीचा शेकडो वर्षं जुना ज्यू समाज १९४३ मध्ये आउश्वित्झला पाठवून जवळजवळ संपवला. कालाव्रिताला गावातली पुरुषमंडळी टेकडीवर नेऊन गोळ्या घातल्या. दिस्तोमोला १० जून १९४४ रोजी २१८ माणसं, तान्ह्या मुलांसकट.

दिस्तोमोच्या वारसांनी खटला लढवला. ग्रीसच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये भरपाईचा निकाल कायम केला. जर्मनी देईना, तेव्हा जप्तीसाठी कुठली मालमत्ता पुढे आली माहितीय? अथेन्समधलं गटे-इन्स्टिट्यूट. ग्रीक सरकारने परवानगी दिली नाही म्हणून टळलं, आणि २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जर्मनीच्या बाजूने निकाल दिला. गटेच्या नावाच्या इमारतीवर नाझींच्या कर्माची जप्ती, याहून जास्त मी काही लिहू शकत नाही.

२०१० च्या ग्रीक कर्जसंकटात एका जर्मन साप्ताहिकाने मुखपृष्ठावर व्हीनसच्या पुतळ्याला मधलं बोट दाखवायला लावलं होतं. बघा, शिवी द्यायलाही पुतळाच लागला. इथे चाफेकळींचा मुद्दा मला शंभर टक्के पटतो.

तानपुरा

वरच्या प्रतिसादानंतर लिहायला जड जातंय, पण संगीताची बाजू आलेली नाही म्हणून.

होल्डरलिनने सोफोक्लीसची दोन नाटकं जर्मनमध्ये आणली, १८०४. ग्रीक वाक्यरचना जर्मन भाषेवर अशी दाबून बसवली की भाषा मोडायला आली. शिलर हसला म्हणतात. थोड्याच वर्षांत होल्डरलिनचं मानसिक संतुलन गेलं आणि ट्युबिंगेनला एका सुताराच्या घरी मनोऱ्यातल्या खोलीत त्याने उरलेलं निम्मं आयुष्य काढलं. पण विसाव्या शतकात हीच 'वेडी' भाषांतरं उजेडात आली. ब्रेख्तने १९४८ मध्ये त्यांच्यावरून आपली 'अँटिगनी' रचली, आणि म्युनिकच्या कार्ल ऑर्फने १९४९ मध्ये होल्डरलिनचे शब्द जवळजवळ जसेच्या तसे घेऊन ऑपेरा केला. व्हायोलिन नाहीत, पियानोंचा ताफा आणि ढीगभर तालवाद्यं. गोड काहीच नाही त्यात, ऐकताना 'शांत भव्यता' वगैरे विसरा. नीत्शेने १८७२ मध्येच बजावलं होतं की ग्रीकांच्या शांततेखाली डायोनिससचा, म्हणजे मद्याच्या देवाचा, धिंगाणा आहे. तो आवाज ऑर्फमध्ये ऐकू येतो.

उलट दिशेने गेलेला माणूस म्हणजे ग्रीक संगीतकार निकोस स्काल्कोतास. १९२१ मध्ये शिष्यवृत्तीवर व्हायोलिन शिकायला बर्लिनला गेला आणि बारा सुरांच्या पद्धतीचा जनक श्योनबर्ग, त्याचा विद्यार्थी झाला. १९३३ मध्ये कफल्लक अवस्थेत अथेन्सला परतला, बरीचशी हस्तलिखितं बर्लिनलाच राहिली आणि गहाळ झाली. अथेन्समध्ये कोणाला त्याची बारा सुरांची रचना कळेना. वाद्यवृंदात मागच्या बाकावर व्हायोलिन वाजवून पोट भरलं आणि रात्री लिहीत राहिला. १९४९ मध्ये, पंचेचाळिशीत गेला. '३६ ग्रीक नृत्यं' ऐका, तिथून सुरुवात सोपी.

खडूफळा

निळा_कंदील यांनी ऑलिम्पियाचा उल्लेख केला, त्यातली एक चांगली गोष्ट सांगायला हवी. एर्न्स्ट कुर्टियुसने तिथलं उत्खनन १८७५ मध्ये सुरू केलं ते दोन सरकारांत १८७४ चा रीतसर करार करून. खर्च जर्मनीचा, सापडेल ते ग्रीसचं, जर्मनांना साचे घेण्याचा आणि संशोधन छापण्याचा हक्क. पार्थेनॉनची शिल्पं लंडनला नेणाऱ्या लॉर्ड एल्गिनच्या नंतर सत्तर वर्षांत इतकी मजल. १८७७ मध्ये हर्मीसचा पुतळा सापडला तो आजही ऑलिम्पियालाच आहे. बिस्मार्कला हा व्यवहार आतबट्ट्याचा वाटायचा.

पण लगेच हेही बघा: १८७८ मध्ये कार्ल हुमानने पेर्गामोनची वेदी खणायला घेतली. जागा ऑटोमन हद्दीत, करार वेगळा, आणि दगड गेले बर्लिनला. तोच देश, तेच दशक. कायद्याने जिथे अडवलं तिथे सभ्य, नाही अडवलं तिथे गाडी भरून.

हायडेलबर्ग विद्यापीठाने २००६ मध्ये पार्थेनॉनच्या शिल्पपट्टीचा एक छोटा तुकडा, पावलाची टाच, अथेन्सला परत दिला. आकार तळहाताएवढा, पण लंडनला टोचायला पुरेसा.

वेताळटेकडी

@निळा_कंदील, दिस्तोमोबद्दल धन्यवाद, गटे-इन्स्टिट्यूटचं माहीत नव्हतं.

तरी माझा हेका सोडत नाही. २०१७ चं 'डोकुमेंटा' घ्या. जर्मनीतल्या कासेलला दर पाच वर्षांनी भरणारं हे जगातलं एक मोठं कलाप्रदर्शन, त्या वर्षी निम्मं अथेन्सला नेलं, घोषवाक्य 'अथेन्सकडून शिकताना'. अथेन्सकरांनी भिंतींवर टोमणे लिहून स्वागत केलं. कर्जाच्या काळात गरिबी बघायला आलेले पाहुणे, असा सूर. पण तिथलं मुख्य दालन कुठलं होतं? राष्ट्रीय समकालीन कला संग्रहालय, म्हणजे अर्धा_कप यांच्या फिक्स बिअरचा जुना कारखाना. जागा वर्षानुवर्षं तयार होऊन रखडलेली, या निमित्ताने पूर्ण गजबजली, आणि त्यांचा संग्रह कासेलच्या मुख्य इमारतीत जाऊन बसला. टोमणेही मारले, कामही साधून घेतलं. मी म्हणतो ते हेच.

कासेलच्या चौकात मार्ता मिनुहीन या अर्जेंटिनाच्या कलावतीने बंदी आलेल्या पुस्तकांचं पार्थेनॉन उभारलं होतं, नाझींनी पुस्तकं जाळली त्याच जागी. विंकेलमानला ते दाखवायला हवं होतं.

चाफेकळी

@वेताळटेकडी, साधून घेतलं हे मान्य, आणि त्यात माझा मुद्दा थोडा मवाळ करायला हरकत नाही. ग्रीकांनी जर्मनांच्या स्वप्नात आपलं दुकान थाटलं. पण भाडं जबर होतं.

ऑटोबद्दल एक राहिलं. तो वाईट माणूस नव्हता. ग्रीक शिकला, फुस्तानेला हा ग्रीक घोळदार झगा घालून फिरायचा, राणी अमालियाने लावलेली बाग आज अथेन्सची राष्ट्रीय बाग आहे. १८६२ मध्ये तो दौऱ्यावर असताना राजधानीत बंड झालं आणि त्याला परस्पर जहाजावर बसवलं. त्याच वर्षी इकडे कोनिग्सप्लात्झवरचं प्रोपिलेअन पूर्ण झालं, ग्रीक स्वातंत्र्य आणि ऑटोची राजवट यांचं स्मारक म्हणून! लुडविग तेव्हा जिवंत होता. ऑटो बाम्बेर्गला ग्रीक पोशाखातच राहिला, १८६७ मध्ये वारल्यावर त्याच पोशाखात म्युनिकच्या थिआटिनर चर्चमध्ये पुरला. नाफ्प्लिओला पहिल्या वर्षांत तापाने मेलेल्या बव्हेरियन शिपायांसाठी खडकात कोरलेला झोपलेला सिंह आहे, तोही लुडविगने करवून घेतलेला. शिल्पकार क्रिस्टियान झीगेल पुढे अथेन्सच्या कलाशाळेत शिकवायला राहिला.

अर्धा_कप

चाफेकळी, डिसेंबरात म्युनिकला येतोय. हेसचं चित्र आणि गीझिस कुठे बघायला मिळेल? बर्लिनची वेदीही जमली तर.

चाफेकळी

@अर्धा_कप, हेसचं चित्र नॉय पिनाकोथेकचं, ती इमारत २०१८ च्या अखेरीपासून दुरुस्तीसाठी बंद आहे. निवडक चित्रं दुसरीकडे लावलीत, त्यात हे आहे का ते निघण्याआधी बघून घ्या. गीझिसची महत्त्वाची चित्रं अथेन्सच्या राष्ट्रीय कलादालनात. पेर्गामोन संग्रहालयाचंही काम चालू आहे, वेदीचं दालन २०२७ मध्ये उघडायचं ठरलंय. त्यामुळे तुमच्या वाट्याला ग्लिप्टोथेक. युद्धात छतं आणि भिंतीचित्रं गेली, नंतर मुद्दाम उघड्या विटा ठेवल्या, त्या विटांपुढे एजिनाचे योद्धे फार छान दिसतात. अंगणातल्या कॅफेत केक चांगला मिळतो. सोमवारी बंद असतं, तेवढं बघून तिकीट काढा.